बसमधली पुढची जागा : सिमोन द बोव्हुआर यांची अमेरिका

मागे ऐकू येतंय ना? बरं.

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला होता : "सर, प्रवासवर्णन वाचून देश कळतो का?" वेळ संपत आली होती, म्हणून "पुढच्या वेळी बघू" असं म्हणून मी सुटलो. आज सुटका नाही. पण या प्रश्नाला सरळ उत्तर देता येईल असं मला वाटत नाही, म्हणून एकच पुस्तक घेऊन आलोय. त्याचं इंग्रजी नाव 'अमेरिका डे बाय डे'. लेखिका सिमोन द बोव्हुआर. मूळ फ्रेंच पुस्तक १९४८चं. इंग्रजीत ते पहिल्यांदा १९५२ साली आलं, ते काटछाट होऊन. माझ्या हातात आहे ते कॅरॉल कॉसमन यांचं १९९९चं भाषांतर. वाचायचं तर हेच वाचा.

बोव्हुआर म्हटलं की आपल्याला 'द सेकंड सेक्स' आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण ते पुस्तक लिहून व्हायचं असताना बाई उठून अमेरिकेला गेल्या. २५ जानेवारी १९४७ला न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरल्या आणि २० मेपर्यंत तिकडेच होत्या. म्हणजे जवळजवळ चार महिने. निमित्त कॉलेजांतल्या व्याख्यानांचं. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, बफेलो, क्लीव्हलंड, ओबर्लिन, शिकागो. शिकागोहून दोन दिवस रेल्वेने लॉस एंजेलिस. तिथून मैत्रिणीबरोबर मोटारीने सॅन फ्रान्सिस्को, रीनो, डेथ व्हॅली, लास व्हेगास. आणि मग त्याच मैत्रिणीबरोबर ग्रेहाउंडच्या बसने, सुमारे तीन आठवडे, सांता फे, सॅन अँटोनियो, ह्यूस्टन, न्यू ऑर्लीन्स, सव्हाना, रिचमंड करत परत न्यूयॉर्क. नकाशा काढून बघा, एका माणसाने चार महिन्यांत केलेली ही मोठीच प्रदक्षिणा आहे.

आता पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे. वर तारीख, खाली मजकूर. पण प्रस्तावनेतच बाई सांगून टाकतात, की ही रोजनिशी त्या त्या दिवशी लिहिलेली नाही. टिपणं, पत्रं आणि ताज्या आठवणी यांवरून नंतर रचलेली आहे. शिवाय कबुलीही देतात : मी कारखाने पाहिले नाहीत, कामगारवर्गाशी माझा संबंध आला नाही, राज्यकारभार जिथून चालतो तिथे मी पोचले नाही. इतकं सगळं वगळल्यावर उरलं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही पहिल्यांदा वाचताना तेच म्हणालो होतो. तत्त्वज्ञानाचा मास्तर असल्यामुळे मी हे पुस्तक तिशीत चाळलं आणि "हे फुरसतीतलं लेखन" म्हणून बाजूला ठेवलं. निवृत्तीनंतर पुन्हा हातात घेतलं, तेव्हा कळलं की मी चुकलो होतो. पण मी चुकलो म्हणजे पुस्तक निर्दोष आहे असं नाही. त्याबद्दलच बोलायचंय.

मेरी मॅकार्थी नावाच्या अमेरिकन लेखिकेने १९५२ मध्ये या पुस्तकावर एक लेख लिहिला. शीर्षकातच बाईंना 'मादमोआझेल गलिव्हर' करून टाकलं! लेख वाचताना हसू येतं, इतका तो तिखट आहे. आक्षेप साधारण दोन : एक, तपशिलाच्या चुका. दुसरा, बाई अमेरिका डोक्यात घेऊनच आल्या होत्या, डोळ्यांनी त्यांनी फक्त तिचा पडताळा घेतला. पहिला आक्षेप मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. परक्या गावात नावं चुकतात, रस्ते चुकतात. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि पुस्तकाच्या बऱ्याच पानांना तो लागू पडतो. फक्त मॅकार्थींनी तो सगळ्याच पुस्तकाला लावला, तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही.

माझं म्हणणं असं आहे. या पुस्तकात बाई कशात बसून जातात त्यावर त्यांना काय दिसतं हे ठरतं. ही गंमत म्हणून बोलत नाही. न्यूयॉर्कमध्ये त्या पायी फिरतात. सुरुवातीच्या पानांत त्यांना वाटतं की आपण इथे नाहीच, हे शहर आपल्यावाचून चाललंय, आपण अदृश्य आहोत. परक्या शहरातल्या पहिल्या दोन दिवसांचं याहून खरं वर्णन मी वाचलेलं नाही. ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि जे उन्हाळ्यात तीन महिने जाऊन राहतात, त्यांना हे लगेच पटेल. त्या हार्लेममध्ये एकट्या जातात. गोऱ्या मित्रांनी "जाऊ नका" म्हणून सांगितलेलं असतं. चालताना त्यांना स्वतःच्या भीतीचा मागोवा घ्यावासा वाटतो. ही भीती कुठून आली? समोरच्या माणसांनी तर काहीच केलेलं नाही. पायी चालणाऱ्याला हे सुचतं, कारण त्याचं शरीर रस्त्यावर असतं.

रेल्वेत ते शरीर काचेमागे जातं. रेल्वेची पानं सुंदर आहेत, पण ती खिडकीतून दिसणारी अमेरिका आहे. मोटारीची पानं मौजेची आहेत. हवं तिथे थांबा, हवं तिथे निघा. आणि कॉलेजांची पानं सगळ्यांत कमकुवत आहेत. तिथे त्या 'पाहुण्या' असतात. चहापान, स्वागत, व्याख्यान, मग जेवण. अशा दोन-चार संध्याकाळींवरून "अमेरिकन विद्यार्थी उदासीन आहेत, आपल्या हातून काही घडू शकतं असं त्यांना वाटत नाही" असा निष्कर्ष निघतो, आणि तो पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो. अहो, मी आयुष्यभर कॉलेजांत पाहुणे आणले आहेत. पाहुण्यासमोर विद्यार्थी उदासीनच दिसतात! पाहुणा गेल्यावर कँटीनमध्ये काय चालतं ते पाहुण्याला कसं कळणार?

त्यातून ते साल १९४७. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणारा कायदा १९४४मध्ये झाला होता, आणि त्या वर्षी अमेरिकेतल्या कॉलेजांत जवळजवळ निम्मे विद्यार्थी हे माजी सैनिक होते. बाईंची बरीच व्याख्यानं झाली ती मुलींच्या कॉलेजांत. व्हासार, वेल्स्ली, स्मिथ. तिथल्या मुलींवरून एका पिढीबद्दल बोलायचं, हे तत्त्वज्ञाच्या लेखणीला शोभत नाही. एरवी ज्या बाई 'स्त्री' या एका शब्दाखाली सगळ्या स्त्रिया कोंबण्याला विरोध करतात, त्या 'अमेरिकन' हा शब्द किती सहज वापरतात, ते मोजण्यासारखं आहे.

आता बसकडे येतो.

बस ही वेगळीच गोष्ट आहे. बसला थांबे असतात. थांब्यावर वेटिंग रूम असते, खाण्याचं काउंटर असतं, संडास असतात. आणि टेक्सासमध्ये शिरल्यापासून पुढे यांतलं प्रत्येक दोन असतं. एक 'व्हाइट', एक 'कलर्ड'. गोऱ्यांची खोली मोठी, दुसरी म्हणजे कोनाडा. बाई लिहितात, की बसमध्ये आणि वेटिंग रूममध्ये कोंडलेल्या प्रवाशालाही दक्षिणेतली ही गोष्ट चुकवता येत नाही. मला यातला 'कोंडलेला' हा भाग महत्त्वाचा वाटतो. रेल्वेत आणि मोटारीत त्या बघणाऱ्या होत्या. बसमध्ये त्यांना बसायला जागा आहे, आणि ती जागा कुठली हे त्यांच्या कातडीने ठरवलंय. त्या पुढे. कृष्णवर्णीय मागे. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. तिकीट काढलं, चढल्या, पुढे बसल्या. झाल्या त्या व्यवस्थेचा भाग.

आणि मग तो प्रसंग येतो. मागच्या बाकावर एक गरोदर कृष्णवर्णीय तरुणी बेशुद्ध होते. बस हिंदकळली की तिचं डोकं काचेवर आपटतं. पुढचं कुणी उठत नाही. आणि बाई लिहितात, की आम्हीही आमची जागा द्यायला धजावलो नाही. कारण अख्खी बस विरोधात गेली असती आणि त्या रागाचा पहिला बळी तीच ठरली असती.

एवढंच. एक-दोन वाक्यं. पुढे बस चालू.

मी या वाक्यांपाशी फार वेळ घालवलाय. कारण त्याच वर्षी त्यांचं नीतिशास्त्रावरचं पुस्तक येत होतं, 'द एथिक्स ऑफ अँबिग्विटी'. त्यातला मुख्य विचार असा, की माझं स्वातंत्र्य मला हवं असेल तर दुसऱ्याचंही स्वातंत्र्य मला हवं असलंच पाहिजे, ती दोन वेगळी नाहीत. आणि आत्मवंचना म्हणजे काय, यावर तर बाईंनी आणि सार्त्र यांनी दोघांनी मिळून एक अख्खी विचारपद्धती उभी केली. "परिस्थितीच तशी होती, मी काय करणार" असं म्हणणं, ही त्यांच्या मते आत्मवंचनेची पहिली पायरी. मग इथे काय झालं? "ती अडचणीत आली असती" हे कारण आहे की सबब?

सोपं उत्तर द्यायचं तर सबब म्हणून मोकळं होता येतं. वर्गात मुलं तसंच म्हणायची. मला ते म्हणवत नाही, आणि का म्हणवत नाही ते सांगतो. १९७४ सालची गोष्ट. मी आणि माझा एक सहकारी, तो मराठी शिकवायचा, एका तालुक्याच्या गावी परीक्षेच्या कामाला गेलो होतो. एस.टी. स्टँडसमोर चहाचं हॉटेल. मी आत शिरलो, तो बाहेरच उभा. म्हणाला, "सर, तुम्ही घ्या, मला नको." मी म्हटलं, चला की हो. तो नुसता हसला. मग माझं लक्ष दाराशी खिळ्याला टांगलेल्या दोन वेगळ्या कपांकडे गेलं. त्याचं गाव तिथून जवळच होतं, लोक त्याला ओळखत होते. मी चहा घेतला. का घेतला? मी मनाशी अगदी हेच म्हणालो : मी इथे काही बोललो तर मी उद्या निघून जाईन, आणि याच्या घरच्यांना इथेच राहायचंय. कारण खरं होतं. आणि चहा गरम होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला बोव्हुआरबाईंच्या त्या ओळीमुळे कळलं. त्यांच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकामुळे नाही.

म्हणून या प्रसंगाबद्दल माझा निवाडा असा. त्या उठल्या नाहीत याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. उलट, हे पुस्तक पॅरिसमध्ये काही महिन्यांनी रचलेलं आहे, तो प्रसंग गाळता आला असता, सजवता आला असता, खाली दोन परिच्छेद पश्चात्तापाचे लिहिता आले असते. त्यांनी "आम्ही धजावलो नाही" एवढंच ठेवलं. ही प्रामाणिकता आहे. पण दोष आहे, आणि तो पुढचा आहे. त्यांनी असं गृहीत धरलं, की त्या बसमध्ये दोनच शक्यता आहेत : आपण उठायचं, किंवा बसून राहायचं. तिसरं काही चाललेलंच नाही.

आणि चाललेलं होतं! १९४४मध्ये आयरीन मॉर्गन नावाच्या कृष्णवर्णीय बाईने व्हर्जिनियात ग्रेहाउंडच्या बसमध्ये जागा सोडायला नकार दिला होता. हो, रोझा पार्क्सच्या अकरा वर्षं आधी. तिला अटक झाली, ती लढली, आणि जून १९४६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये व्हर्जिनियाचा हा वेगळं बसवण्याचा कायदा लावता येणार नाही. म्हणजे बाई बसमध्ये चढल्या तेव्हा या निकालाला नऊ महिने झाले होते. बसकंपन्यांनी तो बाजूला सारून आपापले नियम चालूच ठेवले. कागदावरचा निकाल त्या बेशुद्ध तरुणीच्या काही उपयोगाला आला नाही.

त्याहून पुढचं ऐका. बाई एप्रिलच्या सुरुवातीला दक्षिण ओलांडून उत्तरेकडे निघाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ एप्रिल १९४७ला, वॉशिंग्टनहून सोळा माणसं, आठ काळे, आठ गोरे, बसने दक्षिणेत उतरली. काळे पुढे बसत, गोरे मागे. दोन आठवडे व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, केंटकी. मार खाल्ला, अटका झाल्या. त्यांतल्या बायर्ड रस्टिन यांना पुढे बेड्या घालून रस्त्याच्या कामावर जुंपण्याची शिक्षा झाली. ही मंडळी 'कोअर' नावाच्या संघटनेची. आणि ही संघटना १९४२मध्ये सुरू झाली कुठे? शिकागोमध्ये. सुरू कुणी केली? मुख्यतः विद्यार्थ्यांनी. त्याच देशातले ते 'उदासीन' विद्यार्थी! आणि ते वाचत काय होते? कृष्णलाल श्रीधरानींचं 'वॉर विदाउट व्हायोलन्स'. श्रीधरानी म्हणजे दांडीयात्रेत चाललेला एक गुजराती तरुण, पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकला. सत्याग्रह कसा करायचा, याचं ते जवळजवळ हातपुस्तक आहे. (या यात्रेत बायकांना घेतलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो. त्याबद्दल बोव्हुआरबाई काय म्हणाल्या असत्या, हा वेगळा विषय.)

शिकागोत बाई पहिल्यांदा गेल्या त्या जेमतेम दीड दिवस. त्यांना शहर दाखवलं नेल्सन ॲल्ग्रेन या कादंबरीकाराने. दारूचे गुत्ते, वेस्ट मॅडिसन रस्त्यावरचे बेघर लोक, पोलिश वस्ती. ती पानं पुस्तकातली उत्तम पानं आहेत, यात वाद नाही. पण ॲल्ग्रेनला जे शहर माहीत होतं ते हरलेल्या माणसांचं शहर होतं. तो बैठकींना नेणारा वाटाड्या नव्हता. प्रवाशाला दुःख दिसतं, कारण दुःख रस्त्यावर असतं. संघटना कुणाच्या तरी घरी, दार लावून, आठ-दहा माणसांत चाललेली असते. ती पाहायला बस उपयोगाची नाही. तिथे राहावं लागतं, किंवा निदान विचारावं लागतं. बाईंनी वाचन भरपूर केलं होतं, गुन्नार मिर्दाल यांचा जाडजूड ग्रंथ त्यांनी चांगला पचवलाय. रिचर्ड राइटसारखा मित्र होता, पुस्तक त्याला आणि त्याच्या पत्नीलाच अर्पण केलंय. तरीही या पुस्तकातले कृष्णवर्णीय बहुतेक वेळा सोसणारे, गाणारे किंवा द्वेष करणारे असतात. बेत आखणारे क्वचित दिसतात.

ॲल्ग्रेनचं नाव निघालंच आहे तर एक बारीक गोष्ट. पुस्तकात तो 'एन. ए.' या आद्याक्षरांनी येतो, एक मदत करणारा लेखक म्हणून. मे महिन्यात बाई पुन्हा शिकागोला गेल्या त्या त्याच्यासाठी, आणि तिथून एक मोठं प्रेमप्रकरण सुरू झालं, हे आता छापून आलेल्या पत्रांमुळे जगजाहीर आहे. काटेकोर खरी म्हणवणाऱ्या रोजनिशीत ते नाही. काही समीक्षकांना यात फसवणूक दिसते. मला नाही दिसत. कुणाचं काय झाकायचं हा लेखकाचा हक्क आहे, आणि आपण काय सगळं सांगतो?

आता आपल्याकडचा वाचक म्हणून एक-दोन गोष्टी. अमेरिकेचं मराठीतलं महत्त्वाचं जुनं वर्णन पंडिता रमाबाईंचं, १८८९चं. १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षं रेल्वेने तो देश फिरल्या. रमाबाईंनी रोजनिशी लिहिली नाही. राज्यव्यवस्था, शिक्षण, घरगुती रीत, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणं पाडली. तिथे संस्था दिसतात, सभा दिसतात, बायका एकत्र येऊन काय करतात ते दिसतं. बोव्हुआरबाईंना जे निसटलं नेमकं ते. पण रमाबाईंच्या पुस्तकात भीतीने थबकलेलं पाऊल नाही, बसमधली जागा नाही. 'आज मी इथे होते' असं म्हणणाऱ्या लेखनाला एक ताकद असते, आणि तीच त्याची मर्यादाही.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटं लेखन तीसच्या दशकातलं आहे, आणि ते परदेशी वाचकाला उद्देशून सुरू होतं. म्हणणं असं, की अस्पृश्यता आहे हे परदेशी माणसाला ठाऊक असतं, पण शेजारी राहत नसल्यामुळे ती किती जाचक आहे ते त्याला उमगत नाही. मग ते १९०१मधला प्रवास सांगतात. वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. कपडे नीटनेटके. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. बैलगाडीवाला यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाला बाजूने पायी. हे बोव्हुआरबाईंच्या बसशेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे वाहन आहे, जागा आहे, तिकीट किंवा भाडं आहे. एकीकडे लिहिणाऱ्याला जागा न मागता मिळालीय, दुसरीकडे दुप्पट पैसे मोजून. मागच्या बाकावरच्या त्या तरुणीने आपला प्रवास लिहिला असता तर तो मसूरच्या जवळ गेला असता.

तेव्हा ताई, तुमचा प्रश्न. पुस्तक वाचायचं असेल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका. न्यूयॉर्कचे पहिले दिवस वाचा, मग कॉलेजं सोडा, सरळ मार्चच्या अखेरीच्या नोंदींवर या. टेक्सासपासून रिचमंडपर्यंत. नकाशा शेजारी असू द्या. आणि बाई कुठे 'आम्ही' म्हणतात आणि कुठे 'अमेरिकन लोक' म्हणतात, ते पेन्सिलीने वेगवेगळं खुणावत जा. पुढच्या वेळी त्या खुणा घेऊन या, मग बोलू.

आता प्रश्न घेऊ या. मागे कुणाचा हात वर आहे?